इल्मची अमानत आणि ऑनलाइन परीक्षा

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने मानवाला लेखणीची देणगी दिली आणि जे त्याला ठाऊक नव्हते ते शिकवले. दरूद व सलाम अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना शिक्षक म्हणून पाठवले गेले, आणि त्यांच्या सर्व सहाबांवर, जे त्यांचे विद्यार्थी होते.



ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली आणि सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली एक हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. त्यांनी आपला हात ढिगाच्या आत घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याला त्यांनी विचारले, हे काय आहे? तो म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की, मग हे भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि जो फसवणूक करतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असा कठोर इशारा दिला.

आपल्या पाथरीच्या शेतकऱ्याला ही हदीस वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सोयाबीन मोंढ्यात आले की व्यापारी वरच्या दाण्यांवर भाव ठरवत नाही. तो पोत्याच्या आतला दाणा काढतो आणि त्याचा ओलावा मोजतो. हमीभावाच्या खरेदीत तर ओलाव्याची मर्यादाच ठरलेली असते. अनेक वर्षे ती १२ टक्के होती. धान्याच्या बाबतीत आपण इतके जागरूक आहोत. मग आपल्या मुलांच्या ज्ञानाच्या बाबतीत आपण वरचेच दाणे पाहून समाधानी का होतो? गुणपत्रिका हा ढिगाचा वरचा थर आहे. आत हात घालून पाहणारा कोणी आहे काय?

हा प्रश्न मी इतरांना विचारण्यापूर्वी मला स्वतःला विचारावा लागला. तो प्रसंग आधी सांगतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मशिदी बंद झाल्या आणि आमचा मकतबही बंद झाला. हिफ्ज करणाऱ्या मुलांचा सबक थांबू नये म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून एकेकाचा सबक ऐकू लागलो. त्यात बारा वर्षांचा एक मुलगा होता. प्रत्यक्ष वर्गात तो अडखळत असे. मोबाइलवर मात्र त्याचा सबक एकही चूक न होता येऊ लागला. चार महिन्यांत त्याने तीन पारे ऐकवले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्याचे नाव घेऊन अभिनंदन केले, इतर मुलांना त्याचे उदाहरण दिले. त्याची नजर नेहमी मोबाइलच्या थोडी वर, एकाच ठिकाणी असते, हे मला दिसत होते. पण मी विचारले नाही. खरे सांगायचे तर मला विचारायचे नव्हते. कठीण काळातही आपला मकतब प्रगती करतो आहे, हे समाधान मला हवे होते.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. काही दिवसांनी तो मुलगा माझ्यासमोर गुडघे मोडून बसला. मी त्याला सूरह अल-मुल्क ऐकवायला सांगितले. पहिल्या काही आयती झाल्या आणि तो थांबला. मी पुढचा शब्द दिला, तरी त्याला पुढे जाता येईना. मान खाली घालून तो रडू लागला. म्हणाला, "मौलाना, मोबाइलच्या मागे उशीवर कुरआन उघडा असायचा. अम्मी पानं उलटायची."

मी रागाने विचारले, "मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंच नाही."

बंधूंनो, त्या उत्तराने माझा राग तिथेच संपला. त्या माउलीने काही वाईट हेतूने पाने उलटली नव्हती. चार मुलांसमोर आपल्या लेकराला बोलणी बसू नयेत, एवढेच तिला वाटत होते. मुलाला शाबासकी हवी होती, आईला मुलाची लाज राखायची होती, आणि मला मकतबाचे यश हवे होते. तिघांनाही जे हवे होते ते मिळाले. कुरआन मात्र त्या मुलाच्या छातीत उतरला नाही.

त्या दोन वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर सर्वत्र घडत होते. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या उपक्रमातून राज्यभर मोबाइलवर अभ्यास पाठवला जात होता. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका मुलांसाठी सुरू झाली. शिक्षकांनी मनापासून कष्ट घेतले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अभ्यास पोहोचला की नाही, हे मोजायचे कसे, हा प्रश्न सुटला नाही. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण द्यावे लागले. २०२१ मध्ये संपूर्ण दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत कामाचे २० असे सूत्र ठरले. निकाल लागला ९९.९५ टक्के. बारावीचा निकालही ९९.६३ टक्के लागला. २०२३ मध्ये, नेहमीच्या पद्धतीने परीक्षा झाल्यावर, दहावीचा निकाल ९३.८३ टक्के होता.

यात मंडळाला किंवा मुलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. मुलांच्या जिवाचे रक्षण ही शरीअतमध्येही पहिली जबाबदारी आहे आणि त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. पण निकालाचा आकडा आणि मुलाच्या हातात आलेले ज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने आपल्याला स्पष्ट दाखवले. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आले. इथे कोणी तरी ढिगात हात घातला होता. सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते घरोघरी गेले, मुलाच्या हाती कागद दिला आणि वाच म्हणाले. ओल बोटांना लागली.

आता टाळेबंदी संपली, पण ऑनलाइन शिक्षण संपलेले नाही. शिकवणी मोबाइलवर, सराव परीक्षा मोबाइलवर, स्पर्धा परीक्षांचे वर्ग मोबाइलवर. आणि आता प्रश्न टाकताच काही क्षणांत निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही प्रत्येक खिशात आहेत. पूर्वी नक्कल करणाऱ्याला निदान दुसऱ्याची वही शोधावी लागत असे.

या परिस्थितीत काही दीनदार मंडळी म्हणतात की मोबाइलवरचे शिक्षण हे शिक्षणच नव्हे. उस्तादाच्या समोर बसल्याशिवाय इल्म येत नाही. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. तथापि आपल्या पूर्वसूरींची भूमिका याहून अधिक विचारपूर्वक होती. हदीसशास्त्राच्या विद्वानांनी ज्ञान मिळवण्याच्या आठ पद्धती सांगितल्या आहेत. उस्तादाच्या तोंडून ऐकणे हा 'समाअ', उस्तादासमोर वाचून दाखवणे ही 'किराअत'. त्यानंतर 'इजाजत' म्हणजे परवानगी, 'मुनावला' म्हणजे ग्रंथ हाती देणे, आणि 'मुकातबा' म्हणजे दूर असलेल्या विद्यार्थ्याला लिहून पाठवणे. सर्वांत शेवटी 'विजादा', म्हणजे कोणाचे तरी हस्तलिखित आपल्याला सापडणे. दूरस्थ शिक्षण आपल्या उम्मतसाठी नवे नाही. हजार वर्षांपूर्वी त्याचे नियम ठरले आहेत. पडद्याआडून ऐकलेली हदीसही, आवाज ओळखीचा असेल तर, ग्राह्य मानली गेली. कारण सहाबा आणि ताबिईन हे उम्मुल मोमिनीन ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून पडद्याआडूनच ज्ञान घेत असत. म्हणजे मध्ये पडदा असणे हा अडथळा नव्हे, मग तो कापडाचा असो वा काचेचा.

मग अट कोणती होती? अट ही होती की ज्ञान ज्या मार्गाने मिळाले तो मार्ग प्रामाणिकपणे सांगायचा. ज्याने स्वतः ऐकले त्याने 'हद्दसना', म्हणजे आम्हाला सांगितले, असे म्हणायचे. ज्याला पुस्तकात सापडले त्याने अमुकाच्या हस्ताक्षरात मला आढळले, असेच म्हणायचे. जो न ऐकलेल्या गोष्टीला ऐकल्याचा आभास देई, त्याच्या कृतीला 'तदलीस' म्हणत आणि त्याच्या कथनाकडे संशयाने पाहत. विचार करा, मूळ शब्द खरे असले तरी ते मिळवण्याचा मार्ग खोटा सांगणे हा दोष ठरला. मोबाइलच्या मागे उशीवर ठेवलेला कुरआन हीच तदलीस होती. शब्द अल्लाहचे होते. 'मला पाठ आहे' हा दावा खोटा होता.

आता पाहू या की प्रेषित (स.) स्वतः ज्ञान कसे पारखत. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या 'इल्म' या प्रकरणात, शिष्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेण्यासाठी प्रश्न टाकणे, या विषयाला स्वतंत्र बाब दिला आहे. त्यात ह. इब्ने उमर (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांनी (स.) विचारले की, असे कोणते झाड आहे ज्याची पाने झडत नाहीत आणि जे मुस्लिमासारखे आहे? लोकांचे विचार रानावनातील झाडांकडे गेले. तरुण इब्ने उमर यांच्या मनात खजुराचे झाड आले, पण वडीलधाऱ्यांसमोर बोलायला ते लाजले. अखेर प्रेषितांनीच (स.) उत्तर सांगितले. या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या वहीत नव्हते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूकडे नव्याने पाहिल्याशिवाय ते सापडणार नव्हते.

दुसरी हदीस त्या व्यक्तीची, ज्याने मशिदीत येऊन घाईघाईने नमाज अदा केली आणि येऊन सलाम केला. प्रेषितांनी (स.) सलामाचे उत्तर दिले आणि सांगितले की परत जा, नमाज अदा कर, कारण तुझी नमाज झालेली नाही. असे तीन वेळा झाले. शेवटी तो म्हणाला की, मला याहून चांगले येत नाही, मला शिकवा. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रुकू, सजदा आणि प्रत्येक क्रियेतील स्थिरता टप्प्याटप्प्याने समजावून दिली. या हदीसमध्ये मूल्यमापनाचे मर्म आहे. त्या माणसाला नमाजचे नियम तोंडी विचारले गेले नाहीत. नमाजच पाहिली गेली. चूक दिसल्यावर त्याला नापास करून पाठवले नाही. पुन्हा संधी दिली. आणि 'मला येत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून निघताच खरे शिक्षण सुरू झाले. आज आपल्या मुलाला हेच वाक्य उच्चारण्याची सर्वांत जास्त भीती वाटते. ती भीती आपणच त्याच्या मनात घातली आहे.

मदरशांची परीक्षा बऱ्याच अंशी याच परंपरेतील आहे. बाहेरचा मुमतहिन येतो, किताब कुठूनही उघडतो आणि इबारत वाचून अर्थ सांगायला लावतो. त्या परीक्षेत मी दोनदा रडलो आहे. पुढे मराठी विषय घेऊन बी.ए. केले तेव्हा लेखी परीक्षेची सवय लागली आणि कबूल करतो, एका कादंबरीवरचे उत्तर मी केवळ गाइड वाचून लिहिले. गुणही चांगले मिळाले. ती कादंबरी मी प्रत्यक्षात वाचली दोन वर्षांनंतर, आणि वाचल्यावर कळले की माझ्या उत्तरातील एकही मत माझे नव्हते. तेव्हा ना मोबाइलचा संबंध होता ना इंटरनेटचा. म्हणून दोष केवळ ऑनलाइन पद्धतीला देऊ नये. जिथे परीक्षा उत्तर विचारते आणि समज विचारत नाही, तिथे तदलीसला दार उघडे राहते. मोबाइलने ते दार रुंद केले इतकेच.

परीक्षेतील फसवणूक ही 'छोटी गोष्ट' आहे, असे समजणाऱ्यांनी कुरआनकडे वळावे. सूरह आले इम्रानच्या १८८ व्या आयतीत अशा लोकांना शिक्षेचा इशारा आहे, ज्यांना न केलेल्या कामाबद्दल आपली प्रशंसा व्हावी असे वाटते. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या प्रारंभी, स्वतः घेताना माप पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांचा धिक्कार आहे. गुण पूर्ण घेणे आणि अभ्यास कमी देणे, हे माप याहून वेगळे आहे काय? आणि यात इतरांच्या हक्काचाही प्रश्न आहे. गुणवत्ता यादीत एक जागा खोटेपणाने भरली की प्रामाणिक मुलाची एक जागा जाते. उद्या तोच खोटा गुणधारक औषध देईल, पूल बांधील, मुलांना शिकवील. जबाबदारी अपात्राच्या हाती जाणे म्हणजे अमानत नष्ट होणे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि त्याला कयामतच्या निशाण्यांशी जोडले.

ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा लावतात, नजर इकडेतिकडे गेली तर नोंद घेतात. हा बंदोबस्त असू द्यावा. पण कॅमेऱ्याला फसवण्याच्या युक्त्या मुले एकमेकांना शिकवतात, हे आपण जाणतो. सूरह गाफिरमध्ये सांगितले आहे की, अल्लाह डोळ्यांची चोरटी नजर आणि अंतःकरणात लपलेले सर्व काही जाणतो. आणि एहसान म्हणजे काय, या प्रश्नाला प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, तू अल्लाहला पाहत आहेस अशा रीतीने त्याची उपासना करावी, तू पाहत नसलास तरी तो तुला पाहतो आहे. घरात एकटे बसून परीक्षा देणाऱ्या मुलाला ही शिकवण मिळाली असेल, तर त्याच्या खोलीत पर्यवेक्षक हजर आहे.

परंतु तक्वाची शिकवण देऊन पालक व शिक्षकांची जबाबदारी संपत नाही. परीक्षाच अशी घ्यावी की जिथे नक्कल उपयोगी पडणार नाही. मकतबात आता मी काय करतो ते सांगतो. जकातचा धडा संपल्यावर मी व्याख्या विचारत नाही. मुलांना म्हणतो: एका किराणा दुकानदाराकडे ८०,००० रुपये रोख आहेत, ४,००,००० रुपयांचा माल आहे, ४०,००० रुपये खात्रीची उधारी येणे आहे आणि १,२०,००० रुपये घाऊक व्यापाऱ्याचे देणे आहे. जकात किती? मुले हिशेब करतात: एकूण ५,२०,०००, देणे वजा जाता ४,००,०००, त्याचा चाळिसावा हिस्सा १०,०००. हे उत्तर मोबाइलही देईल. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. दुकानातील कपाटे आणि वजनकाटा का धरला नाही? वर्ष कोणते मोजायचे, चंद्राचे की मार्चअखेरचे? मग घरी जाऊन अब्बांना, चाचांना विचारा, त्यांच्या व्यवसायाचा हिशेब तुम्ही मांडा आणि उद्या येऊन मला समजावून सांगा. एका मुलीने आपल्या शिलाईकाम करणाऱ्या खालाचा हिशेब आणला. तिने विचारले, "शिलाई मशीनवर जकात आहे का?" हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. त्या प्रश्नाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

ऑनलाइन वर्गातही हे करता येते. लिहून आलेल्या निबंधावर दोन मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत: हे वाक्य तू का लिहिलेस? कच्चा मसुदा दाखव. पहिल्यांदा काय चुकले होते? ह. आयेशा (रजि.) यांना एखादी गोष्ट समजली नाही तर समजेपर्यंत त्या पुन्हा पुन्हा विचारत. हा गुण ज्या मुलात दिसेल त्याला शाबासकी द्यावी, भले त्याचे गुण कमी असोत. आणि तंत्रज्ञानाचा सदुपयोग पाहायचा असेल तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून पुस्तक आणि मोबाइल यांची सांगड घातली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्ञान आणि धन दोन्ही वाटणारा माणूस आदरास पात्र आहे.

एक गोष्ट विसरू नये. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांकडे मोबाइल नसतो, असला तर रिचार्ज नसतो. सूरह अबसमध्ये अंध सहाबी ह. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचा प्रसंग आहे. शिकण्याच्या ओढीने आलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, ही अल्लाहची ताकीद आहे. ज्यांच्या घरी दोन मोबाइल आहेत त्यांनी शेजारच्या लेकराला एक तास बसू द्यावे. हाही सदकाच आहे.

माता-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाच्या वतीने गृहपाठ लिहू नका, परीक्षेत उत्तर कुजबुजू नका, पाने उलटू नका. त्याला आज चार लोकांत लाज वाटेल म्हणून आपण जे झाकतो, ते एक दिवस सर्वांसमोर उघडे पडते. त्या दिवशी प्रत्येकाच्या हाती त्याचे पुस्तक देऊन वाच म्हटले जाईल, असे सूरह अल-इस्रामध्ये आहे. ते पुस्तक दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही पुन्हा अम्मा पाऱ्यापासून सुरुवात केली. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिले की तीन पारे झाल्याचे मी न तपासता सांगितले होते, चूक माझी होती. मुलाचे नाव मी त्यात घेतले नाही. तो रोज पाच-सहा ओळी आणू लागला. त्याची अम्मी आता त्याच्यासमोर बसून कुरआन आपल्या मांडीवर ठेवते आणि तो न पाहता ऐकवतो. चुकला तर तीच थांबवते. तो हाफिज झाला नाही. अकरावीला गेला तेव्हा त्याचे पाच पारे झाले होते. परंतु मशिदीत कुठूनही आयत वाचून मी थांबलो, तरी पुढची आयत तो सांगतो. ते पाच पारे त्याचे स्वतःचे आहेत.

हे अल्लाह, आम्हाला उपयोगी पडेल असे ज्ञान दे आणि निरुपयोगी ज्ञानापासून आमचे रक्षण कर. आमच्या मुलांना 'मला येत नाही' म्हणण्याचे धैर्य दे, आणि आम्हाला ते ऐकून घेण्याचे. आमचे बाहेर आणि आत एकसारखे कर. आमीन.